अडतीस हिरवी नावं

होभाऊला 'नाही' म्हणता येत नव्हतं, आणि अकरा वर्षं त्याचं पोट त्यावरच चाललं होतं. एका पर्यटन कंपनीत तो टूर मॅनेजर होता. खिडकीजवळची जागा हवी? हो. चहा पुन्हा गरम करून हवा? हो. पलीकडच्या खोलीतला माणूस घोरतो, त्याचं काहीतरी करा? हो, बघतो. त्याचं खरं नाव प्रवाशांना सहल सुरू झाल्यावर दोन तास लक्षात राहायचं. मग कुणीतरी 'होभाऊ' म्हणून हाक मारायचं आणि तेच चिकटायचं. त्याला त्याचा राग नव्हता. राग धरणं त्याच्या नोकरीत बसत नव्हतं.

या खेपेला तो अडतीस माणसांना घेऊन पाच दिवसांच्या जहाजाच्या सहलीवर आला होता, आणि या खेपेवर त्याचं सगळं अडलं होतं. ऑफिसात सहलप्रमुखाची खुर्ची रिकामी होत होती. मालकांनी त्याला बोलावून स्वच्छ सांगितलं होतं, "ही सहल एकही तक्रार न येता परत आण, खुर्ची तुझी. एक जरी पत्र आलं, तर मला दुसरा माणूस बघावा लागेल." खुर्ची म्हणजे रोज घरचं जेवण, रोज आपल्याच उशीवर झोप, आणि मुलगी. मुलगी नऊ वर्षांची होती. तिच्या नऊ वाढदिवसांपैकी त्याला दोन मिळाले होते. उरलेले तरी मिळावेत एवढंच त्याचं मागणं होतं, आणि त्यात काही वाईट नव्हतं. पुढचं जे वाईट आहे ते या साध्या मागण्यातूनच आलं, म्हणून आधी सांगून ठेवतो.

जहाजाचा नियम असा होता की बंदर सोडण्याआधी प्रत्येक प्रवाशानं आपल्या ठरलेल्या जागी जमायचं. तिला स्टेशन म्हणायचे. कुठलं स्टेशन ते प्रत्येक खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहिलेलं असायचं. तिथं जाऊन आपलं कार्ड मशिनला दाखवायचं, की पडद्यावर आपलं नाव लालाचं हिरवं होतं. मग लाइफ जॅकेट कसं घालायचं, भोंगा कसा वाजतो, कुठल्या जिन्यानं यायचं, हे सगळं बघायचं. वीस मिनिटांचं काम. याला ड्रिल म्हणतात आणि ते सक्तीचं असतं.

ड्रिलची घोषणा झाली तेव्हा होभाऊची माणसं जेवणघरात केकभोवती उभी होती. कुणी जागचं हललं नाही.

"विमानातसुद्धा मी ते बघत नाही," कातडीचे डॉक्टर म्हणाले. "जे व्हायचं ते होतंच."

"पैसे मोजून पुन्हा शाळेत बसायचं का?" टाइल्सच्या दुकानाचे शेठ म्हणाले.

जज्जबाईंना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण त्या बोलल्या की आजूबाजूचे आपोआप गप्प व्हायचे. "मला सक्ती हा शब्दच आवडत नाही," त्या म्हणाल्या. जन्मभर इतरांना सक्तमजुरी ठोठावलेल्या बाईचं हे मत होतं, आणि ते सगळ्यांना पटलं.

होभाऊ हसला. यावर त्याच्याकडे जुना तोडगा होता आणि त्यात त्याचा हातखंडा होता. तो सगळ्यांची कार्डं गोळा करायचा, त्यांना रबरबँड लावायचा आणि एकटाच स्टेशनवर जायचा. तिथली मुलगी आधीच गर्दीनं घायकुतीला आलेली असायची. माझा ग्रुप आहे, मागे उभा आहे, म्हातारी माणसं आहेत, असं काहीबाही सांगून तो गठ्ठा पुढे करायचा आणि ती एकामागून एक कार्डं मशिनवरून फिरवायची. दोन मिनिटांत सगळी नावं हिरवी. प्रवाशांना हे फार आवडायचं. परतल्यावरच्या अभिप्रायात हमखास कुणीतरी लिहायचं की मॅनेजरनं आम्हाला कसलीही तोशीस लागू दिली नाही.

या वेळी गठ्ठ्यात सदतीसच कार्डं आली. अडतीसावं कार्ड एका बाईंनी दिलं नाही.

या बाई सहासष्ट वर्षांच्या होत्या, एकट्या आल्या होत्या. बॉयलर तपासणीच्या सरकारी खात्यात त्यांनी तीस वर्षं अपघातांचे अहवाल टाइप केले होते. एकट्या असल्यामुळे त्यांना खोलीही एकटीच मिळाली होती, बाकी ग्रुपपासून दूर, जहाजाच्या दुसऱ्या टोकाला, खालच्या मजल्यावर. त्यामुळे ग्रुपचं स्टेशन होतं सी आणि त्यांचं एफ.

"माझं मी जाते," त्या होभाऊला म्हणाल्या. "आणि तुम्हीही सगळ्यांना घेऊन जा. कार्डाला पोहता येत नाही."

त्या गेल्या, पहिल्या रांगेत उभ्या राहिल्या आणि शिकवणाऱ्या खलाशाला तीन प्रश्न विचारले. जॅकेटला एक छोटी शिट्टी बांधलेली असते. ती वाजते का, हे त्यांनी वाजवून पाहिलं. नेमका त्याच वेळी ग्रुपमधला नवा नवरा बायकोचे फोटो काढत तिकडून चालला होता. त्यानं व्हिडिओ घेतला. रात्रीच्या जेवणापर्यंत तो अडतीसांतल्या सदतीस जणांनी पाहिला होता.

झालं. त्या दिवसापासून त्या शिट्टीबाई झाल्या. त्या जेवणघरात आल्या की कुठल्यातरी टेबलावरून बारीक शिट्टी यायची. त्या खुर्चीवर बसल्या की डॉक्टर नॅपकिन गळ्यात बांधून विचारायचे, "जॅकेट असंच ना?" शेठनी एकदा त्यांच्यासाठी पाण्याच्या ग्लासात टूथपिकची होडी सोडली. मोठी शिकलीसवरलेली, नातवंडं असलेली माणसं, पण सुट्टीवर आलं की माणसाला कुणीतरी एक हसायला लागतं, आणि एकटी आलेली बाई सगळ्यांत सोयीची. होभाऊही एकदा हसला. हसू नये हे त्याला कळत होतं. पण सदतीस हसत असताना एकाची बाजू घेणं हा एक प्रकारचा नकारच, आणि तो त्याला जमत नव्हता.

दुसऱ्या रात्री बाई त्याच्या टेबलाशी आल्या.

"परत गेल्यावर मी तुमच्या कंपनीला पत्र लिहिणार आहे," त्या म्हणाल्या. "कार्डांच्या त्या गठ्ठ्याबद्दल. मागून लिहिलं असं नको, म्हणून तोंडावर सांगते."

होभाऊ खुर्चीवरून उठला. "मावशी, शिट्टीवरून राग आलाय का? मी सांगतो सगळ्यांना."

"शिट्टीचं काय, मला ऑफिसात याहून वाईट नावं होती." त्या जराशा हसल्यासुद्धा. "तुम्ही चांगले आहात हो. पण नुसतं चांगलं असून भागत नाही."

त्या रात्री त्याला झोप लागली नाही. खुर्ची, मुलगी, पत्र, असं आळीपाळीनं डोळ्यांपुढे येत राहिलं. म्हातारी विसरेल, असं त्यानं स्वतःला समजावून पाहिलं. पण तीस वर्षं अपघातांचे अहवाल टाइप केलेली बाई कशाला विसरते? त्याला तिचा मनापासून राग आला. अकरा वर्षांत कुणा प्रवाशाचा आलेला हा पहिला राग होता, आणि खोटं कशाला बोला, तो त्याला बरा वाटला.

चौथ्या दिवशी सकाळी जहाज एका बंदराला लागणार होतं. ग्रुपला सगळ्यांच्या आधी उतरवायचं तर सगळ्यांची कार्डं एकदम काउंटरवर दाखवावी लागतात, म्हणून नाश्त्याच्या वेळी होभाऊ टेबलाटेबलावरून कार्डं गोळा करत फिरला. बाईंच्या टेबलाशी तो जरा घुटमळला.

"कशाला?" त्यांनी विचारलं.

"लवकर उतरायला मिळतं, मावशी. काउंटरवर एकदमच दाखवायची असतात."

त्यांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि पर्समधून कार्ड काढून दिलं. "घ्या. आज तुमचं ऐकते. मी वर मोकळ्या डेकवर चालत असते, उतरायच्या वेळी बोलवा."

त्या वर गेल्या. त्यांचं कार्ड त्यानं गठ्ठ्यात सगळ्यांत खाली घातलं.

सव्वाआठला भोंगा झाला. सात आखूड, एक लांब, ड्रिलमध्ये शिकवतात तोच धोक्याचा.

"बंदर आलं वाटतं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी टोस्टला लोणी लावलं.

दुसऱ्यांदा भोंगा झाला, मग घोषणा. तिसऱ्या मजल्यावरच्या धुलाईघरात आग लागली होती. हा सराव नव्हता, सर्वांनी ताबडतोब आपापल्या स्टेशनवर जायचं होतं. जेवणघर एका क्षणात उभं राहिलं आणि मग कुणालाच पाय कुठे टाकावा कळेना. आपलं स्टेशन सदतीसांतल्या एकालाही माहीत नव्हतं. सगळ्यांनी होभाऊकडे पाहिलं. होभाऊला अक्षर ठाऊक होतं, कारण कार्डं घेऊन तो तिथं गेला होता. त्यानं हात वर केला आणि माणसं त्याच्यामागून धावत सुटली. शेठ धापा टाकत होते, जज्जबाईंची एक चप्पल जिन्यात राहिली. वाटेत एका कपाटातून खलाशी जॅकेटं वाटत होते. डॉक्टरांनी आपलं पाठपोट उलटं घातलं. पट्टा सापडेना तशी ते बायकोवर खेकसले.

सी स्टेशनवर पहिल्या दिवशीचीच मुलगी होती. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण हात चालू होते. खऱ्या प्रसंगात माणूस ज्या स्टेशनवर पोचेल तिथंच त्याला मोजून घ्यायचा, तिथल्याच होडीत त्याची जागा, असा नियम होता. मशिन कुठलंही कार्ड घेत होतं.

"कार्डं," ती म्हणाली.

होभाऊनं गठ्ठा पुढे केला. अकरा वर्षांची सवय होती, हात आपोआप गेला. तिनं कार्डं फिरवली. पडद्यावर अडतीस नावं हिरवी झाली.

"पूर्ण भरलेल्या ग्रुपला होडीत आधी बसवणार," मागून एक अधिकारी ओरडून सांगत होता. "ज्यांचं माणूस कमी असेल त्यांनी बाजूला थांबा. शोधपथक जाऊन येईपर्यंत हलायचं नाही."

माणसं मोजणं ही होभाऊची दुसरी सवय. त्यानं डोकी मोजली. सदतीस भरली. पुन्हा मोजली, तरी सदतीसच.

"शिट्टीबाई नाहीत," तो हळू म्हणाला.

जवळ उभ्या असलेल्या पाचसहा जणांनी ऐकलं. कुठूनतरी धुराचा वास यायला लागला होता.

"मी सांगतो तिला," होभाऊ त्या मुलीकडे वळला.

"थांबा," जज्जबाई म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "काय सांगणार आहात तुम्ही? की माणूस नसताना कार्ड दाखवलं? हे सगळ्यांदेखत कबूल करणार?"

"पण त्या वर एकट्या आहेत."

"त्या बाईंना स्टेशन पाठ आहे. तुम्हा-आम्हाला नाही, त्यांना आहे. त्या तिकडे केव्हाच पोचल्या असतील. आपण मात्र इथं थांबू. किती वेळ? दहा मिनिटं? वीस?"

"माझं हृदयाचं ऑपरेशन झालंय," शेठ म्हणाले.

"तिला जगायचे सगळे नियम माहीत आहेत," डॉक्टर म्हणाले आणि सवयीनं हसायला गेले. पण कुणी हसलं नाही.

नव्या नवऱ्याच्या बायकोनं तोंड उघडलं होतं. नवऱ्यानं तिचा दंड धरला, तिनं ते मिटलं.

होभाऊला सगळं स्वच्छ दिसत होतं. सांगितलं तर कार्डांचा तोडगा उघडा पडणार, ग्रुप खवळणार, खुर्ची गेलीच, बहुधा नोकरीही. न सांगितलं तर काय? बाई हुशार आहेत, एफ स्टेशनवर असतीलच. आणि नसल्या तर? नसल्या तर ते पत्र येणार नाही. हा विचार त्याच्या मनात आला. एवढासाच आला, पण आला, आणि त्यानं तो हाकलला नाही.

मुलीनं पडद्यावरून मान वर केली. "अडतीस. सगळे इथं आहेत ना?"

"हो," होभाऊ म्हणाला.

त्यांना होडीत बसवलं. होडी खाली सोडावी लागलीच नाही. पाऊण तासात आग विझली आणि सगळ्यांना पुन्हा आत घेतलं. होडीतल्या कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. जेवणघरात कॉफी दिली. जॅकेट घालूनच लोक एकमेकांचे फोटो काढत होते आणि डॉक्टर कुणाला तरी सांगत होते की अशा वेळी डोकं शांत ठेवणं महत्त्वाचं.

होभाऊ मोकळ्या डेकवर धावत गेला. तिथं कुणी नव्हतं. तो एफ स्टेशनवर गेला. तिथं एक तरुण खलाशी जमिनीवर बसला होता, डोकं गुडघ्यांत घालून.

पुढचं होभाऊला सुरक्षा अधिकाऱ्याच्या खोलीत कळलं. बाई एफ स्टेशनवर सगळ्यांच्या आधी पोचल्या होत्या. जॅकेट नीट घातलेलं, पट्टे आवळलेले. कार्ड ग्रुपच्या मॅनेजरकडे आहे, असं त्यांनी सांगितलं. खलाशानं नाव टाकून पाहिलं. पडद्यावर ते आधीच हिरवं होतं, सी स्टेशनला. म्हणजे त्यांची होडीतली जागा तिकडे धरलेली होती. मी तर इथं उभी आहे, त्या म्हणाल्या. पण खलाशाला शिकवलेलं होतं की मशिन सांगेल ते खरं. तुम्हाला तिकडे मोजलंय, तिकडे जा, इथं तुमची जागा नाही, असं तो म्हणाला. बाहेरचा डेक होड्यांसाठी बंद केला होता. आतल्या रस्त्यानं जा, म्हणाला. त्या नियम मोडणाऱ्यांतल्या नव्हत्या, गेल्या. तो रस्ता धुलाईघरावरून जात होता.

शोधपथक त्यांना शोधायला गेलंच नाही, कारण त्या हरवलेल्याच नव्हत्या. आग विझल्यावर सफाईवाल्यांना त्या जिन्याच्या तोंडाशी सापडल्या. धूर छातीत जाऊन त्या गेल्या होत्या.

"एक कळत नाही," अधिकारी म्हणाला. "सी स्टेशनला कार्ड दाखवलेली बाई एफला कशी पोचली?"

खोलीत एफ स्टेशनवरचा तो खलाशीही होता. रडून त्याचे डोळे सुजले होते. एक शब्द, आणि त्या पोराच्या मानेवरचा दगड उतरला असता. होभाऊला ते कळत होतं. त्याला शरम वाटली, खरी शरम, घशापर्यंत आलेली, आणि त्यानं ती गिळली.

"आमच्याबरोबरच होत्या," तो म्हणाला. "कार्ड दाखवलं आणि मग न सांगता कुठेतरी गेल्या. वय झालं होतं, साहेब. गोंधळल्या असतील."

अधिकाऱ्यानं पेन उघडलं. त्याच्याही चेहऱ्यावरचा ताण उतरला, कारण माणूस आपल्या पायांनी गेला म्हटल्यावर जहाजावरचा बोल बराच हलका होत होता. संध्याकाळपर्यंत जज्जबाईंनी स्वच्छ अक्षरात त्याच अर्थाचं निवेदन लिहून काढलं. कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही, कसलेल्या हाताचं काम. त्याखाली सदतीस सह्या झाल्या. नव्या नवऱ्याच्या बायकोनं बराच वेळ पेन नुसतंच धरून ठेवलं होतं. मग नवरा म्हणाला, "अगं, सगळ्यांनी केलीय," आणि तिनं केली. त्याच टेबलावर होभाऊनं अभिप्रायाचे कागद वाटले. सगळ्यांनी त्याला उत्कृष्ट दिलं. शेठनी वर लिहिलं की आगीतसुद्धा मॅनेजरनं ग्रुपला एकत्र ठेवलं.

परतीच्या बंदरावर बाईंचा भाचा आला होता. चाळिशीचा, शाळेत विज्ञान शिकवणारा, साधा माणूस. आई लहानपणीच गेली, मावशीनंच वाढवलं, असं त्यानं न विचारता सांगितलं. होभाऊनं त्याला बाईंची पर्स आणि बॅग दिली. ग्रुप बसची वाट बघत सामानाशी उभा होता, भाच्याला बघून सगळे गंभीर झाले होते.

"खूप हाल झाले का हो तिचे?" भाच्यानं विचारलं.

"नाही, नाही. झोपेत गेल्यासारखं," होभाऊ म्हणाला. त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

भाच्यानं मान हलवली. मग म्हणाला, "एक विचारू? दोनतीन दिवसांपूर्वी तिचा फोन आला होता. आवाज तुटत होता. म्हणाली, त्या ड्रिलवरून मी तक्रार करणार आहे. पुढचं ऐकूच आलं नाही. काय झालं होतं ड्रिलचं?"

होभाऊनं मागे पाहिलं नाही, पण सदतीस जणांचं बोलणं थांबल्याचं त्याला कळलं. त्याला मुलगी आठवली. खुर्ची आठवली.

"त्यांना ते ड्रिल म्हणजे कटकट वाटायची," तो म्हणाला. "या वयात खाली-वर कशाला करायला लावता, म्हणायच्या. त्याचीच तक्रार करणार होत्या. मी खूप विनवलं. बाकी सगळे गेले, त्या नाही आल्या. म्हणून तर ऐन वेळी कुठे जायचं ते त्यांना कळलं नाही."

भाचा त्याच्याकडे बघतच राहिला. "मावशी? ती तर निजताना गॅस तीनतीनदा बघायची."

"सुट्टीवर आलं की माणूस जरा सैल होतो," मागून डॉक्टर मऊ आवाजात म्हणाले.

भाच्यानं त्या सगळ्यांकडे पाहिलं, चांगल्या कपड्यांतली, वयानं मोठी, चेहऱ्यावर दुःख असलेली सदतीस माणसं. एवढी माणसं कशाला खोटं बोलतील? हळूहळू त्याची मान खाली गेली. आपल्या माणसानं चारचौघांत काही चुकीचं केलं की घरच्यांना वाटते ती लाज त्याला वाटत होती.

"हट्टी होती खरी," तो म्हणाला. "तुम्हा सगळ्यांची सहल तिच्यामुळे खराब झाली. तिच्या वतीनं मी माफी मागतो." आणि त्यानं पर्स काखेत धरून सगळ्यांना हात जोडले.

जज्जबाई पुढे झाल्या, त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे बाळ. आमच्या कुणाच्या मनात काही नाही."

होभाऊनं त्याचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले आणि त्याला माफ केलं.